नुसतं पाहण्याची फी

"औषध त काही लिहिलं नाही तुमी, मॅडम. मंग फी कायची?"

हे भांडणाच्या सुरात विचारलं असतं तर मी विसरून गेले असते. परतवाड्यात दवाखाना चालवायचा म्हणजे आवाज चढलेली माणसं नवी नाहीत. पण तो माणूस खरोखरच विचारत होता. जानेवारीतली सकाळ, बाहेर अजून धुकं. सॉ मिलवर काम करणारा असावा, कारण भुवयांत आणि कानाच्या पाळीवर लाकडाचा भुसा होता, आणि तो जवळ आला की ओल्या सागवानाचा वास यायचा. मांडीवर दोन वर्षांचं पोरगं. नाक वाहतंय, तीन दिवसांचा खोकला, ताप आदल्या दिवशीच उतरलेला. एका हातात अर्धं बिस्किट आणि दुसऱ्या हातानं माझ्या टेबलावरची घंटी वाजवायचा उद्योग. मी त्याला तपासलं, कान-घसा शेवटी पाहिला (आधी पाहिला की पुढचं सगळं रडण्यात जातं), आणि सांगितलं, की काही काळजी नाही. पाणी पाजा, रात्री झोपताना चमचाभर मध चाटवा, श्वास जोरात चालायला लागला किंवा खाणंपिणं सोडलं तर लगेच आणा. चिठ्ठीवर वजन लिहिलं, तारीख लिहिली आणि खाली धोक्याची लक्षणं मराठीत. गोळी नाही, सिरप नाही.

त्यानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग तो प्रश्न. वर एक वाक्य आणखी, तेही रागाचं नव्हे: "तुमी त नुसत्या पाहून राह्यल्या होत्या."

त्यानं फी दिली. दाराशी मावशींच्या हातात तीनशे रुपये ठेवले, पोराला खांद्यावर टाकलं आणि गेला. मी पुढच्या पेशंटला बोलावलं. पण ते "नुसत्या पाहून राह्यल्या होत्या" दिवसभर माझ्या टेबलावर बसून राहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मी पाहतच होते.

काय पाहत होते, हे त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगत नाही. पोरगं दारातून आत येतं तिथूनच तपासणी सुरू झालेली असते. ते आईच्या खांद्यावर मान टाकून आलंय की मान वळवून पंख्याकडे बघतंय? रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? ओठ कोरडे आहेत का? अनोळखी बाई बघून घाबरलं, तर मला मनातून बरं वाटतं, कारण खरं आजारी पोर घाबरायचीसुद्धा ताकद राखत नाही. मग मी त्याचा सदरा वर करते आणि घड्याळाकडे एक डोळा ठेवून पोटाकडे बघत बसते. पूर्ण एक मिनिट. पोट वर, पोट खाली, एक. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. खालच्या फासळ्या श्वासागणिक आत ओढल्या जात असतील तर जास्तच. सॉ मिलवाल्याच्या पोराचे भरले होते अठ्ठावीस, तेही घंटी वाजवता वाजवता. ते एक मिनिट फार लांब असतं. खोलीत कुणी बोलत नाही, बाहेर रांगेत दुसरं लेकरू किंचाळत असतं, आजी पदरानं नातवाचं नाक पुसते आणि माझी मोजणी चुकते, की पुन्हा पहिल्यापासून. बघणाऱ्याला वाटावं, या बाईला काही सुचत नाहीये.

या मिनिटाची किंमत मला कुणी मोठ्या हॉस्पिटलातल्या मशीनवर शिकवली नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या साध्या माणसांना, दायांनासुद्धा, बाळाचा श्वास बघून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं आणि औषध द्यायला शिकवलं. बालमृत्यू घटले, आणि १९९० मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. एक्स-रे नाही, रक्ततपासणी नाही. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मला त्यातला औषधाचा भाग महत्त्वाचा वाटला होता. आता वाटतं, औषध द्यायचं कुणाला हे कळण्यापेक्षा कुणाला द्यायचं नाही हे कळणं अवघड आहे, आणि ते त्या मिनिटातच कळतं.

पण हे सॉ मिलवाल्याला कसं दिसावं? पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडे येतात का बघतो, आणि भोक नसेल तर ट्यूब तशीच परत देतो. तेव्हा तो पैसे मागत नाही. मागितले तर आपण देऊ का?

माझं लहानपण अचलपुरातलं. आमच्याकडे एक म्हातारे डॉक्टर होते, धोतर आणि काळा कोट. त्यांच्या दवाखान्यात जाताना घरून बाटली घेऊन जायची. रिकामी, उकळत्या पाण्यानं धुतलेली, बूच लावलेली. डॉक्टर जीभ बघायचे, डोळ्याची पापणी खाली ओढायचे, पोटावर दोन बोटं ठेवून वाजवायचे आणि खिडकीतून कंपाउंडरला काहीतरी सांगायचे. कंपाउंडर मोठ्या बरणीतून लाल मिक्श्चर ओतायचा. बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी डिंकानं चिकटवायचा. एक खाच, एक डोस. ते औषध गोड-तिखट लागायचं आणि जिभेला लाल रंग चढायचा, तो शाळेत दाखवायला मिळायचा. खाचा संपायच्या तेव्हा आम्ही बरे झालेले असायचो. आज मला माहीत आहे, की त्या बाटलीत बहुतेक वेळा पोटाला जरा बरं वाटेल असं पाणी होतं आणि आम्ही आपले आपण बरे होत होतो. पण माझ्या आईच्या हातात बाटली असायची. रात्री पोर खोकत असताना, बाहेर मिट्ट काळोख असताना, तिला करायला काहीतरी असायचं. हलवायची बाटली, मोजायची खाच, पाजायचा चमचा.

हे "करायला काहीतरी" फार खोल आहे. माझ्याकडे येणारी कितीतरी पोरं औषधांनी आधीच लदलेली असतात. गळ्यात वेखंडाचा तुकडा, टाळूवर तेल, छातीला लसणाचं तेल चोळून लालभडक केलेली. बेंबीवर हिंग. स्टेथोस्कोप लावला की त्यालाही दिवसभर लसणाचा वास. आजी सांगते, "म्या घुटी त देल्लीच, पण फरक नाही पडला जी." मला त्या वासाचा राग येत नाही. खरं तर आवडतो. आमच्या घरातही तोच होता.

राग दुसऱ्या गोष्टीचा येतो, आणि तोही हल्ली पहिल्यासारखा सरळ येत नाही. परतवाडा म्हणजे मेळघाटाचं दार. चिखलदरा, धारणीच्या बाजूनं कोरकू आदिवासी आया बाळं घेऊन उतरतात. कधी एखाद्या बाळाचा सदरा मी श्वास मोजायला वर करते आणि पोटावर ओळीनं चटके असतात. तापवलेल्या विळ्याचे. पोट फुगलं, श्वास जोरात चालला, दूध पीत नाही, म्हणून कुणीतरी म्हाताऱ्या बाईनं दिलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे हात थरथरले होते आणि त्या आईला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ती मान खाली घालून ऐकत होती. पण आता त्या आईकडे पाहिलं की मला लाल मिक्श्चरची बाटली दिसते. बाळ हातातून निसटतंय, रात्र आहे, गाडी नाही, आणि काहीच न करता बसून राहणं कुठल्या आईला जमेल? तिच्याजवळ विळा होता. शहरातल्या आईजवळ खोकल्याचं सिरप असतं.

सिरप.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाकडची मुलं नागपुरात दाखल व्हायला लागली, तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्यांदा मेंदूज्वराची चर्चा होती, मग पाण्यातून काही पसरलंय का याची. लघवी बंद, किडनी बंद. एकेक करत ती मुलं गेली. वीसहून जास्त. मग तपासणी झाली आणि कळलं, की खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होतं. चालतं ते जास्तीत जास्त ०.१ टक्का, तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला सापडलं ४८.६ टक्के. निम्मी बाटली विष. सिरपमध्ये औषध विरघळवायला जो द्रव लागतो, त्यातला भेसळीचा माल. चवीला गोडच असतं ते. पोरांनी चमचा चाटून घेतला असणार, हा विचार मला अजून छळतो.

आमच्या पिढीला हे नाव नवं नव्हतं. नागपूरला मेडिकलला असताना आमचे एक सर १९८६ च्या जे. जे. हॉस्पिटलच्या प्रकरणावर अख्खा तास बोलत. डोळ्यांच्या, डोक्याच्या विकाराचे रुग्ण, त्यांना ग्लिसरीन दिलं, आणि त्यात हेच डायएथिलिन ग्लायकॉल. चौदा जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. सर म्हणत, "परीक्षेत विचारणार नाही, पण लक्षात ठेवा." आम्ही परीक्षेत विचारणार नाही एवढंच ऐकलं. आणि त्याच विषानं १९३७ मध्ये अमेरिकेत शंभरावर माणसं मारली होती, तेव्हापासून तिकडचे औषधांचे कायदे कडक झाले. म्हणजे माहीत सगळ्यांना सगळं होतं. परासियाच्या त्या सिरपमध्ये सर्दीच्या औषधांचं जे मिश्रण होतं, ते चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं बाटलीवर छापायचा आदेशही डिसेंबर २०२३ मध्ये निघालेला होता.

मला सगळ्यात जास्त काय लागलं, तर त्यातल्या बहुतेक मुलांना सुरुवातीला काय झालं होतं ते. सर्दी, खोकला, ताप. माझ्या टेबलावर घंटी वाजवणाऱ्या पोराला झालं होतं तेच. काही दिलं नसतं तरी चार-आठ दिवसांत उड्या मारायला लागली असती.

त्या ऑक्टोबरात माझा दवाखाना वेगळाच झाला होता. छिंदवाडा आमच्यापासून लांब नाही, बैतूलच्या रस्त्यानं इकडे पाहुणेरावळे येत-जात असतात. लोक घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायचे. अर्ध्या संपलेल्या, चिकट झालेल्या, झाकणाला मुंग्या लागलेल्या. मागच्या वर्षीच्या, थोरल्या पोराच्या, शेजारणीनं दिलेल्या. "हे चालते का जी? हे फेकू का?" मी टेबलाखाली एक बादलीच ठेवली होती. आणि त्या दिवसांत मला कुणीसुद्धा विचारलं नाही, की औषध का नाही लिहिलं. मी म्हणायचे, "सिरप नको, मध द्या," आणि आयांच्या चेहऱ्यावर सुटका दिसायची. जे मी कित्येक वर्षं घसा फोडून सांगत होते, ते असं शिकवलं जायला नको होतं. तरी मनात कुठेतरी वाटायचं, चला, निदान एवढं तरी. तसं वाटल्याची लगेच लाजही वाटायची.

ती भीती दिवाळीपर्यंत टिकली. मग थंडी पडली, पोरं रात्रभर खोकायला लागली आणि बाटल्या परत आल्या. जानेवारीत सॉ मिलवाला आला तेव्हा सगळं पूर्ववत झालेलं होतं.

खोकल्याची गंमत अशी, की तो आईबापांच्या अंदाजापेक्षा फार जास्त दिवस राहतो. आईचा हिशेब पाच दिवसांचा, फार तर आठवड्याचा. प्रत्यक्षात साध्या सर्दीनंतर निम्म्या मुलांचा खोकला दहाव्या दिवसापर्यंत जातो, आणि दहातल्या नऊ जणांचा जायला पंचवीस दिवस लागतात. अंगणवाडीत जायला लागलेल्या पोराला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं अगदी साधं आहे. गुणाकार केला तर काही पोरं हिवाळाभर खोकतच असतात आणि तरी ठणठणीत असतात. मग तिसऱ्या दिवशी एक डॉक्टर, सहाव्या दिवशी दुसरा, दहाव्या दिवशी तिसरा. दहाव्या दिवशीच्या डॉक्टरच्या हाताला गुण असतो, हे उघडच आहे. मी सहाव्या दिवशीची डॉक्टर कितीदा झाले असेन, देव जाणे.

मधाचंही एक. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, त्यातून बोट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो, आणि आमच्याकडे जन्मलेल्या बाळाच्या ओठांना पहिलं बोट मधाचंच लावायची हौस. म्हणजे एका आईला मध द्या म्हणायचं आणि तिच्या मागच्या आईला देऊ नका म्हणायचं, तेही एकाच बाकावर बसलेल्या दोघींना. आणि संत्रं! हा सगळा संत्र्यांचा मुलूख. परतवाड्याहून कुठल्याही बाजूला निघा, बागाच बागा. घरात टोपली भरून संत्री, आणि पोर खोकलं की संत्रं बंद. ज्याच्या स्वतःच्या मळ्यात चारशे झाडं आहेत तो मला सांगतो, "संत्र्यानं कफ होते." माझी यावर एक छोटी, हरलेली लढाई चालू आहे.

फेब्रुवारीत एक बाळ आलं. पाच महिन्यांचं. आई एकटीच, चांदूर बाजारकडची. ताप फारसा नाही, खोकलाही फार नाही. "थोडंसं सुस्त वाटून राह्यलं," एवढंच ती म्हणाली. बाळ रडत नव्हतं आणि मला पाहून घाबरलंही नाही. मी सदरा वर केला आणि मोजायला लागले. अर्ध्या मिनिटातच कळलं होतं, तरी पूर्ण मोजलं. अडुसष्ट. फासळ्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा, आणि श्वास सोडताना अगदी बारीक कण्हल्यासारखा आवाज, जो पंखा बंद केल्यावर ऐकू आला. ऑक्सिजन लावला, पहिला डोस दिला, गाडी बोलावली, चिठ्ठी लिहिली आणि अमरावतीला पाठवलं. पुढे ते बरं झालं. महिन्याभरानं तिचा नवरा पेढे घेऊन आला आणि मी नको नको म्हणत असताना पाया पडला. "तुमच्यामुळं लेकरू वाचलं जी."

मी काय केलं होतं? सॉ मिलवाल्याच्या पोराला केलं तेच. बघितलं, मोजलं, कागदावर लिहिलं. इंजेक्शन दिलं खरं, पण लेकरू वाचलं ते अमरावतीतल्या लोकांनी रात्रभर जागून वाचवलं. अडुसष्ट आलं म्हणून पाया पडणं, अठ्ठावीस आलं म्हणून "फी कायची". आकड्यानं माझी किंमत ठरत होती, आणि तो आकडा तर त्या लेकराचा होता. खरं म्हणजे अठ्ठावीस हा जास्त आनंदाचा आकडा. त्याचे पेढे मी वाटायला हवेत.

सॉ मिलवाल्याची फी मी परत केली नाही, आणि करायला हवी होती असंही मला वाटत नाही. पण त्याचा हिशेब मी नंतर मांडून पाहिला. सकाळची अर्धी हजेरी बुडाली. मोटरसायकलचं पेट्रोल. माझे तीनशे. हे सगळं देऊन त्याला मिळालं काय, तर एका बाईचा शब्द, की काही झालेलं नाही. तो घरी गेल्यावर त्याची आई विचारणार, "काय देल्लं डॉक्टरीणीनं?" आणि तो काय दाखवणार? मी त्याला श्वास मोजते आहे एवढं जरी म्हटलं असतं तरी घरी सांगायला त्याच्याकडे काही असतं. हल्ली मी मोठ्यानं मोजते. "एक, दोन, तीन..." बापाला सांगते, तुम्हीपण मोजा, रात्री घाबरलात तर असंच मोजायचं आणि चाळीस किंवा त्याच्या वर गेलं की आणायचं. काही बाप मन लावून मोजतात. काहींना ते पोरखेळ वाटतो. एक जण म्हणाला, "हे त मशीननं होत असन न?"

आणि मी नाकाचे थेंब लिहायला लागले. साधं मिठाचं पाणी, सलाईनचे थेंब. माझा नवरा भूलतज्ज्ञ आहे, त्याचं म्हणणं, हे लाल मिक्श्चरच झालं की, फक्त रंग नसलेलं. मी म्हणते, नाही, चोंदलेलं नाक मोकळं होतं, बाळ दूध नीट ओढतं, रात्री आई झोपते. तो म्हणतो, मग इतकी वर्षं का लिहीत नव्हतीस? यावर मला अजून चांगलं उत्तर सापडलेलं नाही. लिहिताना आधी मला फसवल्यासारखं वाटायचं, आता निम्मंच वाटतं. दिवसातून चार वेळा, प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब, डोकं थोडं मागे करून. मी ते पट्टीवरच्या खाचांसारखं नेमकं लिहून देते.

गेल्या आठवड्यात एक आजी नातवाला दाखवून नेल्यावर पाचव्या दिवशी परत आल्या. नातू बरा होता, सोबत आणला नव्हता. सोबत शेजारणीची सून होती आणि तिच्या कडेवर एक गुबगुबीत पोरगी, जिला माझ्या मते काहीही झालं नव्हतं. आजी आल्या आल्या तिला म्हणाल्या, "हेच ते बाई. यायचे थेंब लय जालीम हायेत. दोन दिवसांत खोकला पार गायब." मग माझ्याकडे वळून, "तेच लिहा हिलेबी. कमी पावरचे नका देऊ."

मी पोरीचा झबला वर केला आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. आजी थोडा वेळ थांबल्या, मग सुनेच्या कानाशी म्हणाल्या, "हे मोजमाज होऊ दे तिचं. थेंब शेवटी देते ते."